व्हर्न स्कालाची जीभ

व्हर्न स्कालाची जीभ एका जागी राहत नाही, हे आमच्या ड्राय फोर्कमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चाळीस वर्षं हा माणूस गुरांच्या लिलावघरात उंच खुर्चीवर बसून बोली पुकारतोय. ट्रक चालवताना, चर्चमध्ये, न्हाव्यापुढे मान वाकवून बसलेला असतानाही त्याची जीभ बंद ओठांआड आकडे घोळवत असते. त्याची बायको होती तेव्हा म्हणायची, हा झोपेत आमची उशी विकतो आणि भावही बरा काढतो.

त्या शुक्रवारी सकाळी मला ती जीभ गप्प ठेवायची होती. दुपारी एकच्या आत.

मी दवाखाना उघडायला आले तर तो दाराशीच उभा. टोपी डोळ्यांवर ओढलेली, तोंडावर रुमाल.

"दार उघड, पोरी," तो रुमालाआडून म्हणाला. "आणि हसू नकोस."

रुमाल खाली आला तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतंच. तरुणपणी गोठ्याच्या फाटकानं त्याचे वरचे पुढचे दात पाडले होते. तेव्हापासून तिथे सहा दातांचा एक ब्रिज आहे, आत धातू आणि वरून पोर्सिलेन. त्यातल्या ऐन मधल्या दाताचं पोर्सिलेन निम्मं उडालं होतं आणि आतला करडा धातू उघडा पडला होता.

"कशानं?"

"सूर्यफुलाच्या बिया."

"मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"तंबाखू सोडा म्हणालीस, सोडली. आता बियाही सोडायच्या, तर माणसानं चघळायचं काय? लगाम?"

"तुकडा कुठाय?"

"रिंगणातल्या भुशात. सहाशे वासरांच्या पायांखाली. जा, आण शोधून."

खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं मला पुकारा करून दाखवला. "थव्वातीन, थव्वातीन, कोण म्हणतं थाडेतीन." प्रत्येक 'स'ला दाताच्या फटीतून बारीक शीळ वाजत होती. यंदा वासरांचे सगळे भाव पौंडाला सव्वातीन आणि साडेतीन डॉलरच्या मध्ये अडकले होते. ज्याला सव्वा आणि साडे म्हणता येत नाही, त्यानं त्या खुर्चीवर बसून काय करायचं?

हे दुसऱ्यांदा घडलं होतं. वसंतात हाच दात फुटला तेव्हा मी बहिणीकडे गेले होते, म्हणून तो शहरात कुणाकडे तरी गेला. त्या गृहस्थानं फुटक्या जागेवर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा मऊ लेप, थापलं, दिव्यानं घट्ट केलं आणि पाठवून दिलं. खालचा भाग खरबरीत केला नाही, काही नाही. पोर्सिलेनच्या चकाकीवर काही चिकटवायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तीन आठवड्यांनी भर लिलावात तो तुकडा निघाला आणि माइकवर टक्क करून आपटला. सगळं लिलावघर हसलं. नवा मालक लोमॅक्सही हसला, पण नंतर व्हर्नला ऑफिसात बोलावून म्हणाला, पुढच्या वेळी असं झालं तर खुर्चीवरून उतरायचं, परत चढायचं नाही.

आणि आज एक वाजता हिवाळ्याआधीचा सगळ्यात मोठा लिलाव होता. लोमॅक्सनं कॅन्ससहून शेल्बी रूट नावाच्या तिशीतल्या, पुकारा करणाऱ्या बाईला बोलावून ठेवलं होतं. नुसतं बघायला येतेय, असं तो सांगत होता.

"नुसतं बघायला कुणी हातोडी घेऊन येतं का?" व्हर्न म्हणाला. "ॲडी, मला बोलता आलं पाहिजे. सलग, पाच वाजेपर्यंत. आणि हा दात निघता कामा नये."

मी लुॲनला सामान काढायला सांगितलं. लुॲन माझी मदतनीस, लग्नाआधीपासून माझ्याबरोबर आहे, माझ्या लग्नाआधीपासून म्हणायचं, आणि माझ्या घटस्फोटानंतरही. मी व्हर्नला आरशात दाखवत समजावलं. हा ब्रिज काढायचा म्हटला तर कापावा लागेल, आणि खालची मुळं इतकी म्हातारी की बरोबर निघून यायची. नवा करायला महिना. तेव्हा जे काय करायचं ते तोंडातच.

"कडा तासायची. बारीक वाळूचा फवारा मारून धातू खरबरीत करायचा. मग उरलेल्या पोर्सिलेनवर ॲसिड, ते त्याला आतून लहान लहान भोकं पाडतं. मग सायलेन, म्हणजे दोघांना धरून ठेवणारं पाणी समजा. मग कॉम्पोझिट."

"टिकेल?"

"तसं केलं तर वर्षानुवर्षं टिकतं. पण ते ॲसिड काच खातं, व्हर्न. आधी नुसतं झोंबतं, खरं काय झालंय ते आत शिरल्यावर कळतं. तुमच्या जिभेला लागलं तर दाताचं राहू दे, जिभेचंच औषध करत बसावं लागेल. ॲसिडशिवायही करता येईल. नुसता वाळूचा फवारा आणि सायलेन."

"तसं टिकेल?"

"बहुतेक."

"बहुतेकवर मी कधी एक शेळी विकली नाही," तो म्हणाला. "ॲसिड लाव."

मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं का, यावर मी नंतर बराच विचार केला. तेव्हा मला नाही म्हणावंसं वाटलं नाही. मी ते ॲसिड शंभरदा वापरलंय, माझा हात स्थिर आहे, आणि खरं सांगायचं तर शहरातल्या त्या गृहस्थाची जिरवायची होती.

रबराचा पडदा ताणून बसवला. एरवी प्रत्येक दातासाठी वेगळं भोक पाडून एकेक दात वर काढतात. हे सहा दात एकमेकांना जोडलेले, मध्ये दोराही जायचा नाही. म्हणून लांबट चीर पाडून सगळा ब्रिज एकदम बाहेर काढला आणि हिरडीकडच्या फटी निळ्या लिंपणानं बुजवून दिव्याखाली घट्ट केल्या. पडद्याच्या वर दात, पडद्याच्या खाली जीभ, ओठ, घसा. दोघांची गाठ पडता कामा नये, एवढीच काय ती सगळी विद्या.

"आता तुम्हाला बोलता येणार नाही," मी म्हटलं. "काही झोंबलं, गरम लागलं, नुसतं चमत्कारिक वाटलं तरी डावा हात वर करायचा. असा. खांद्याच्या वर."

पडद्याखालून तो काहीतरी गुरगुरला. लुॲननं माझ्यासाठी ते उलगडून सांगितलं, कारण तिचा नवरा लिलावघरातच रिंगणात गुरं फिरवतो. "तो म्हणतोय, हात वर करणाऱ्याला मी दहा गोऱ्हे विकतो."

आमच्याकडे कुणी हात वर करत नाही, हे खरंच आहे. हात हलवतात ते शहरातून गंमत बघायला आलेले. गुरांचा व्यापारी हात वर करत नाही. शेजाऱ्याला कळलं की भाव वाढतो. कुणी पापणी लववतो, कुणी टोपीची कड चाचपतो. माझे वडील एमिल क्रुपिच्का तीस वर्षं उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर गुरं विकत घेत होते. बोट मांडीवरून ज्वारीच्या दाण्याएवढं उचलायचं आणि लगेच ठेवायचं. ते फक्त व्हर्नला दिसायचं. लहानपणी मी बाकावर त्यांच्या शेजारी बसून ते बोट कधी उठतं ते बघायची, आणि मला तरी क्वचितच दिसायचं.

त्याच बाकावर ते गेले. सात वर्षं झाली. लिलाव चालू असताना हृदय बंद पडलं, आणि त्याआधी त्यांनी शेवटची बोली लावून अकरा गोऱ्हे घेतले. गावात अजून सांगतात, एमिल मरता मरता सौदा करून गेला, आणि तोही स्वस्तात. मीही हसते. ते अकरा गोऱ्हे आईनं हिवाळाभर सांभाळले.

असो. मी कामाला लागले.

कडा तासली. वाळूचा फवारा मारला, धातूची चकाकी गेली, खडबडीत करडा झाला. लुॲनच्या हातात पाणी ओढून घेणारं मोठं सक्शन होतं. सगळं ठीक चाललं होतं, फक्त पडदा हलत होता. खालून काहीतरी त्याला बारीक बारीक ढुशा देत होतं.

"व्हर्न. जीभ."

पडदा थांबला. थोड्या वेळानं परत सुरू. सव्वातीन, साडेतीन. त्याला कळतही नव्हतं. आपण पाय हलवतो तसं.

"व्हर्न, मी ॲसिड घेतेय. आता जीभ खाली. कुत्र्यासारखी खाली पडू दे."

तो थांबला. मी पिवळ्या जेलचा एक थेंब पोर्सिलेनच्या तुटलेल्या कडेवर ठेवला, मग त्याच्या शेजारी दुसरा. लुॲननं घड्याळ लावलं, दीड मिनिटाचं. या दीड मिनिटात माझ्या डोळ्यांवर भिंगं असतात आणि जगात एक दात सोडून दुसरं काही उरत नाही. बाजूला काय चाललंय ते मला दिसत नाही, आणि दिसू नये म्हणूनच भिंगं लावायची असतात.

जेल जागेवर होतं. पडदा हलू लागला. मी त्याला ओरडणार होते, पण ॲसिड लावलेलं असताना माणसाला दचकवायचं नसतं. म्हणून हळूच म्हटलं, "जीभ." तो हलतच राहिला. हळूहळू, बारीक बारीक, आकड्यांमागून आकडे. लुॲननं सक्शन जवळ आणलं.

आणि मग पडदा थांबला.

नुसता थांबला असता तर मी खूश झाले असते. पण तो हळूहळू विसावला नाही, मध्येच तुटल्यासारखा थांबला. त्या जिभेला मी चाळीस वर्षं ओळखते. ती सांगून थांबत नाही, विचारून थांबत नाही, प्रार्थनेत थांबत नाही. मी भिंगांवरून वर बघितलं.

व्हर्नचे डोळे माझ्यावर होते. हात वर नव्हता. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, आणि उजव्या हाताचं पहिलं बोट उचललेलं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं.

बोलीचं बोट वर जातं आणि लगेच खाली येतं. हे वर गेलं होतं आणि तिथंच राहिलं होतं, थरथरत.

"पाणी," मी म्हटलं. "लुॲन, पाणी, पाणी, सगळं."

ॲसिड धुतलं, सक्शननं ओढलं, परत धुतलं, पडदा उपटून काढला. आत वरच्या मागच्या बाजूनं लिंपण सुटलं होतं. त्या ढुशांनी सुटलं होतं. जेलचा एक पातळ ओघळ त्या फटीतून मागे उतरून थेट जिभेच्या टोकाला लागला होता. तिथे मसुराएवढा पांढुरका डाग होता. मी कॅल्शियमची मलमनळी उघडली आणि त्याच्या जिभेवर थापत राहिले, पुसत राहिले, परत थापत राहिले. कॅल्शियम मिळालं तर ते ॲसिड आत शिरायचं थांबतं. तोंड धू, थुंक, परत मलम. लुॲन पाण्याचा पेला भरून देत होती.

पुष्कळ वेळानं त्यानं जीभ आत घेतली आणि बाहेर काढली.

"कसं वाटतंय?"

"गरम चहा प्यायल्यासारखं. कमी होतंय."

"कधीपासून झोंबत होतं?"

तो छताकडे बघायला लागला.

"व्हर्न, मी तुम्हाला विचारतेय. कधीपासून?"

"तू घड्याळ लावलंस तेव्हापासून. मला वाटलं, होईल पूर्ण."

मी आयुष्यात पेशंटवर ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "हात वर करा म्हटलं होतं ना? अख्खा हात! लहान मुलाला कळतं. कुणाला दाखवायचं नव्हतं तुम्हाला, मला? मी काय बोली लावतेय तुमच्यावर?"

"हात उचललाच नाही माझा," तो पुटपुटला. "उचलायला गेलो, बोटच उचललं. जन्मभर तेच बघत आलो, सवय गं." मग म्हणाला, "तुला दिसलं कसं? भिंगं लावलेली होतीस."

"दिसलं. बोलीचं बोट खाली येतं. तुमचं आलं नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, जीभ परत झोंबतेय. मी मलमाची नळी उचलली. त्यानं मानेनंच नको म्हटलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला.

मग म्हणाला, "परत लाव."

"काय?"

"ॲसिड. अर्धंच झालं ना?"

"नाही लावणार."

"ॲडी, दात निघाला तर मी उतरलो खाली. तो माणूस वाटच बघतोय."

"भाजलेल्या जिभेशेजारी मी ते ॲसिड परत उघडणार नाही. तुम्ही कितीही पुकारा केलात तरी नाही. पाहिजे तर आता उठा आणि कॅन्ससच्या बाईला खुर्ची द्या."

आमची नजरानजर झाली. माझे वडील त्याला म्हणायचे, व्हर्न माणूस चांगला, पण भाव चढत असला की त्याला थांबवता येत नाही. मी थांबवलं. त्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

नवा पडदा बसवला. दातावर भिंगं नेऊन बघितलं. पोर्सिलेनची अर्धी कड खडूसारखी पांढरट झाली होती, ॲसिडनं काम केलेलं तेवढं. हिरडीकडची अर्धी कड अजून चकाकत होती. तिथे थुंकी लागली होती ती वेगळीच. मी परत वाळूचा फवारा मारला, चकाकीवर जास्त. निळ्या, साध्या ॲसिडनं, जे काच खात नाही, धुऊन काढलं, अल्कोहोलनं पुसलं, वाळवलं. सायलेन लावलं आणि त्याला आपोआप सुकू दिलं. धातू झाकणारा पांढरा थर. मग कॉम्पोझिट, एकेक पातळ थर, प्रत्येकाला निळा दिवा. या सगळ्या वेळात पडदा एकदाही हलला नाही. व्हर्न स्कालाची जीभ शांत पडून होती. मला त्याची भीती वाटली.

घासून, चकाकी आणून मी त्याला आरसा दिला. दात छान दिसत होता. तो काही पुरावा नव्हे. शहरातल्या गृहस्थाचाही छान दिसत असणार.

"म्हणा."

"सव्वातीन," तो म्हणाला. "साडेतीन." जिभेमुळे किंचित बोबडं, पण शीळ गेली होती.

"दुपारी जीभ जास्त दुखायला लागली, आत खोल दुखायला लागली, तर लिलाव सोडून हॉस्पिटल. वाद नाही. मी तिथे येतेय, मलम घेऊन. आणि या वेळी हात वर करायचा."

"त्या खुर्चीवरून?" तो म्हणाला आणि टोपी घालून गेला.

दुपारचे पेशंट मी सोमवारवर ढकलले. लिलावघर खच्चून भरलं होतं, भुशाचा, शेणाचा आणि स्वयंपाकघरातल्या भाजलेल्या गोमांसाचा वास. मी दुसऱ्या रांगेत, घड्याळाखाली, वडिलांच्या बाकाच्या टोकाला बसले. ती जागा कुणी राखून ठेवलेली नाही, पण तिथे गर्दी जरा उशिराच होते. समोर उंच खुर्चीवर व्हर्न, शेजारी कारकून, आणि कारकुनामागे लोमॅक्स आणि शेल्बी रूट. तिच्या मांडीवर खरंच हातोडी होती.

पहिला कळप आत आला आणि पुकारा सुटला. माझा जीव दातात अडकला होता. दर सव्वाला, दर साडेला मी शिळेची वाट बघत होते, टक्क आवाजाची वाट बघत होते. दात बोलत राहिला. दहा कळप गेले, वीस गेले. जीभ मात्र बघायला मिळत नव्हती, म्हणून मी त्याच्या हाताकडे बघत होते. उजवा हात हातोडीवर, बोटं मिटलेली. शेल्बी रूट पुढे झुकून ऐकत होती, आणि एकदा तिनं नकळत मान डोलावली.

दुपार कलली तेव्हा काळ्या गोऱ्ह्यांचा एक देखणा कळप आला. त्याच्यावर तिघेजण लागले होते. सव्वातीन, तीन तीस, तीन पस्तीस, भाव पळत सुटला होता आणि व्हर्न त्याच्यामागे. पुकाराही उतारावरच्या गाडीसारखा असतो, लागला की लागला. ओटो बेनेशनं, तो माझ्या वडिलांच्याच वयाचा, गुडघ्यावरचं बोट उचललं. मला दिसलं, कारण मी आज बोटंच बघत होते.

ते खाली आलं नाही.

आणि व्हर्न थांबला.

आमच्या लिलावघरात पुकारा मध्येच थांबलेला मी कधी ऐकला नव्हता. वासरांचं हंबरणं एकदम मोठं झालं. "ओटो," व्हर्न माइकवर म्हणाला. "ही बोली आहे का?"

ओटोनं मान वर केली. "काय?"

"बोट. बोली लावतोयस, की बरं नाही वाटत?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि हास्याची लाट वरच्या रांगेपर्यंत गेली. "संधिवात आहे रे गाढवा," ओटो ओरडला. "वर गेलं की अडकतं. बोलीच आहे. लाव."

पण गाडी थांबली होती. बाकीचे दोघं श्वास घेऊन बसले, हिशेब करायला त्यांना वेळ मिळाला, आणि कळप तीन पस्तीसलाच ओटोला गेला. आणखी चढला असता, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. लोमॅक्स उभा राहिला होता. व्हर्ननं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो आणखी दोनदा थांबला. एकदा पुन्हा ओटोसाठी, एकदा दम लागलेल्या एका जाड्या माणसासाठी. दोन्ही वेळा बोलीच होती.

त्याला काय झालंय असं सगळे एकमेकांना विचारत होते. मी विचारत नव्हते. सात वर्षं जी गोष्ट मी हसत हसत सांगत आले, तिच्यातलं बोट आता मला वेगळं दिसत होतं.

लिलाव संपल्यावर तो मागच्या दारानं माझ्या गाडीपाशी आला. वारा सुटला होता. ट्रक वासरं भरून रांगेनं निघत होते.

"जीभ?" मी विचारलं.

"बरी आहे. जाडसर लागते." मग म्हणाला, "दात टिकला, ॲडी. खुर्ची गेली. पुढच्या शुक्रवारपासून ती पोरगी बसेल. लोमॅक्स म्हणाला, दातासाठी नाही, दात झकास आहे. थांबणारा माणूस नको त्याला."

"मग का थांबलात? ओटोचं बोट सगळ्यांना माहीत आहे."

त्यानं टोपी काढली. इतक्या वर्षांत मी त्याला उघड्या डोक्यानं फक्त वडिलांच्या दफनाच्या दिवशी बघितलं होतं.

"एमिलचंही खाली आलं नव्हतं," तो म्हणाला. "मी त्याच्याकडेच बघत होतो. वर गेलं आणि राहिलं. मला कळलं, काहीतरी वेगळं आहे. पण भाव चढत होता. मी म्हटलं, हा कळप होऊ दे. त्याला विकले, हातोडी मारली, पुढचा कळपही घेतला. मग कुणीतरी ओरडलं."

ट्रक जात राहिले. मला त्याचा राग आला, इतका की त्याच्या तोंडात ठेवून द्यावीशी वाटली, तोच दात पाडावासा वाटला जो सकाळभर खपून मी उभा केला होता. आईचे ते अकरा गोऱ्हे आठवले, बर्फात तिच्यामागे चालणारे. एक कळप. कुणी थांबलं असतं तर वडील वाचले असते का, हे डॉक्टर असूनही मला सांगता येणार नाही, आणि आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

तो उभा होता. काही मागत नव्हता. आज सकाळी हात वर न करता आलेला हा माणूस, तीन वेळा भर लिलावात थांबला होता आणि त्याची किंमत मोजून आला होता.

मी पर्समधून टॉर्च आणि मलमाची नळी काढली.

"आ करा," मी म्हटलं.

त्यानं तोंड उघडलं. दात जागेवर होता, कड बंद होती. डाग सकाळपेक्षा लहान दिसत होता. मी मलम लावायला बोट आत घातलं आणि नेहमीच्या सवयीनं जीभ बाजूला करायला गेले, पण तशी गरज पडली नाही. ती हलत नव्हती.